वादळात खिडकी-कवाड फुटलं, तर पहिल्या रात्रीची बंदिस्ती

एप्रिल-मे लागला की आमच्याकडे दुपारी चारनंतर माणसं आभाळावर डोळा ठेवूनच काम करतात. पश्चिमेला काळं-पिवळं दाटलं की बाया अंगणातलं वाळवण गोळा करतात, गडी ढोरं गोठ्यात घेतात. पुढची वीस-पंचवीस मिनिटं वारा, धूळ, कधी गारा. वादळ निघून जातं आणि मागं राहते ती रात्र. कोणाच्या खिडकीच्या काचा गेलेल्या, कोणाचं कवाड चौकटीतून निखळलेलं, कोणाच्या भिंतीवर कडूलिंबाची फांदी आडवी.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-आर्णीच्या पट्ट्यात सुतारकी करतो. अशा संध्याकाळी गावात सुतार एक-दोन असतात आणि फुटलेली घरं तीस-चाळीस. ज्यांच्याकडे मी रात्री दहापर्यंत पोचू शकत नाही त्यांची लेकरं उघड्या खिडकीखाली झोपतात, आणि ते मला बघवत नाही. म्हणून हे लिहितो आहे. ज्यानं आजवर करवत धरली नाही अशा कॉलेजच्या पोरानं, बदलीवर आलेल्या मास्तरांनी, घरात एकट्या असलेल्या ताईनं हे वाचून रात्रीपुरतं का होईना, आपलं घर आपल्या हातानं बंद करावं.

खिडकी गेली की छत जातं

फुटक्या खिडकीतून पाऊस आत येतो हे सगळ्यांना दिसतं. वारा काय करतो ते दिसत नाही. आपल्याकडची बहुतेक घरं आता टिनाची आहेत. समोरच्या खिडकीतून वारा आत घुसला आणि त्याला बाहेर पडायला वाट नसली, की तो टिनाला खालून वर ढकलतो. त्याच वेळी छपरावरून वाहणारा वारा त्याच टिनाला वरून ओढत असतो. दोन्ही रेटे एका दिशेनं लागले की हुक सरळ होतात आणि पत्रे शेजारच्या वावरात सापडतात. अवकाळीचं पहिलं वादळ गेलं म्हणजे संपलं असं कधी समजू नका. पुष्कळदा रात्री किंवा दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दुसरं येतं, आणि तेव्हा फुटकी खिडकी वाऱ्यासाठी तयार दरवाजा असते.

हिशेब सांगतो, म्हणजे फळी किती घट्ट हवी ते कळेल. ४ फूट बाय ३ फुटांच्या खिडकीवर ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आदळला तर साधारण १९ किलोंचा रेटा बसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो, म्हणजे ७५ किलोंच्या आसपास. एका धडधाकट माणसानं अख्खं अंग फळीवर टाकल्यासारखं. दोन खिळ्यांवर अडकवलेली फळी पहाटेपर्यंत का टिकत नाही, ते यात आलं.

एकच खोली बंद करण्याइतकं सामान असेल तर वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूची खिडकी आधी घ्या. मागची उद्या झाली तरी चालते.

हात लावण्याआधी

घाई होते हे मला माहीत आहे. लेकरं रडत असतात, धान्य भिजत असतं. तरी पाच मिनिटं थांबा.

शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून अर्धा तास शिडीवर चढू नका, टिनाला हात लावू नका. वीज कुठं पडते आहे ते मोबाइलवर ‘दामिनी’ ॲपमध्ये दिसतं, रेंज असेल तर बघा. अंगणात किंवा टिनावर वायर पडलेली असेल तर ती मेलेली आहे असं धरू नका. लाइन (वीज) गेलेली असली तरी कधी परत येईल ते सांगता येत नाही. महावितरणच्या १९१२ क्रमांकावर सांगा आणि तोवर कोणालाही तिकडं फिरकू देऊ नका. घरातला मेन स्विच कोरड्या हातानं, पायात चप्पल घालून पाडा. बोर्ड ओला दिसला तर त्याला हात लावू नका.

मग भिंत बघा. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मारा, म्हणजे सावलीवरून कळतं. भिंतीला पोट आलेलं असेल, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलेली असेल आणि तिच्यात बोट जात असेल, किंवा मातीची भिंत खालून भिजून मऊ झाली असेल, तर त्या खोलीत फळी ठोकायला जायचंच नाही. हातोडीच्या दणक्यानं अशी भिंत बसते. माणसं बाहेर काढा, शेजारी झोपवा. शाळा, समाजमंदिर, जे पक्कं असेल ते उघडून घ्या. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, आणि कोणी अडकलं किंवा जखमी झालं असेल तर ११२.

पडलेल्या विटा, कवेलू (कौलं), फांद्या हातानं उचलण्याआधी काठीनं हलवा. विंचू असतो. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश कधीकधी डासाच्या चाव्याइतकाही जाणवत नाही, म्हणून अंधारात ढिगाऱ्यात हात घालायचा नाही म्हणजे नाही. पायात बूट घाला. स्लिपर घालून काचेवरून चाललेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांचे पाय पुढं महिनाभर बरे होत नाहीत.

काही हलवण्याआधी फोटो

फळी लावली की नुकसान झाकलं जातं, आणि मग पंचनाम्याच्या वेळी दाखवायला काही उरत नाही. त्यामुळं आधी मोबाइलवर फोटो काढा. लांबून एक, ज्यात अख्खं घर आणि घर नंबर दिसेल. मग फुटलेल्या खिडकीचा बाहेरून आणि आतून. भिजलेलं धान्य, कापूस, पुस्तकं यांचे वेगळे. तारीख-वेळ फोटोवर आली तर उत्तम. घराच्या अंशतः पडझडीची मदत मिळायला किमान १५ टक्के नुकसान दिसावं लागतं, आणि त्यात भिंत, छत, चौकट सगळं एकत्र धरलं जातं. तेव्हा ‘एका खिडकीचं काय सांगायचं’ म्हणून सोडून देऊ नका. तलाठी आणि ग्रामसेवक दोघांनाही सकाळी कळवा. पंचनामा होईपर्यंत फुटलेली चौकट चुलीत घालू नका.

काच काढणं

साध्या काचेचे लांब, कट्यारीसारखे तुकडे होतात. बरेच तुकडे लांबीत (काच बसवायच्या पुटीत) किंवा खिळपट्टीत अडकून उभे राहतात आणि वाऱ्याच्या एका झोतानं सुटतात. ते आधी काढावे लागतात.

जाड हातमोजे नसतील तर खताच्या पोत्याचे दोन-तीन पदर हाताला गुंडाळा. डोळ्यांवर चष्मा हवा, फवारणीचा गॉगल घरात असतोच. खिडकीखाली आतून आणि बाहेरून पोतं पसरा. तडे गेलेली पण न पडलेली काच असेल तर तिच्यावर चिकटपट्टी फुलीसारखी आडवी-तिडवी लावा, म्हणजे काढताना तुकडे सांडत नाहीत. चिकटपट्टीनं काच मजबूत होते हा समज मात्र चुकीचा आहे. ती फक्त तुकडे धरून ठेवते.

काढायला सुरुवात वरून. खालचे तुकडे आधी काढले तर वरचा मनगटावर येतो. तुकडा पकडीनं धरून आपल्या अंगाकडं न ओढता सरळ खोबणीतून बाहेर घ्या. निघत नसेल तर बाजूला उभं राहून, पोतं वर धरून, हातोडीनं आत न मारता बाहेरच्या बाजूला हलका ठोका द्या. काच जाड पोत्यात भरा, पोत्यावर कोळशानं ‘काच’ लिहा आणि ढोरांच्या, लेकरांच्या वाटेवर ठेवू नका. उकिरड्यावर टाकाल तर तीच काच खतातून वावरात जाईल आणि पुढच्या वर्षी निंदताना कोणाच्या तरी हातात घुसेल.

सामान गावातच असतं

तालुक्याचं दुकान बंद, रस्त्यावर झाड पडलेलं. अशा वेळी सामान घरातून आणि शेजारातूनच उभं करावं लागतं.

सगळ्यात चांगली १२ मिलिमीटरची प्लाय. अख्खा तावा ८ बाय ४ फुटांचा असतो, त्यात ३ बाय ३ फुटांच्या दोन खिडक्या निघतात. गावात सेंट्रिंगचं काम करणारा कोणी असेल तर त्याच्याकडं प्लाय आणि फळ्या हमखास असतात. एक रात्रीसाठी कोणी नाही म्हणत नाही. त्यानंतर सेंट्रिंगच्या फळ्या, ट्रॉलीचं फालकं, जुन्या पलंगाची पाटं. टिनाचा तुकडा चालतो, पण त्याच्या कडा दुमडून घ्या, नाहीतर वाऱ्यात सुटलेला टिन कुऱ्हाडीसारखा उडतो. बंडीचा (बैलगाडीचा) तट्टा मी अनेकदा वापरला आहे. बुरडानं विणलेला बांबूचा तट्टा एकटा वारा अडवत नाही, पण त्याच्या बाहेरून ताडपत्री आणि आतून दोन बांबू लावले तर रात्र निघते. तुराट्यांचा जुडगा बांधून लावायचाही प्रकार आहे. गोठ्याच्या झरोक्याला तो ठीक, माणसं झोपतात त्या खोलीला नको. वाळलेली तुराटी ठिणगीला धावून जाते.

एक सामान टाळा. जुने सिमेंटचे पत्रे फुटून पडलेले असतात आणि हाताशी असतात म्हणून लोक त्यांचेच तुकडे खिडकीला लावतात, करवतीनं कापतातसुद्धा. त्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही आणि आजार पंधरा-वीस वर्षांनी दिसतो. ते तुकडे पाणी शिंपडून ओले करा, न तोडता उचला, कोरडा झाडू फिरवू नका.

बाकी लागतं ते थोडकं : मेजर टेप, करवत, पक्कड, हातोडी, पेचकस, बाइंडिंग वायरचा गुंडा, दोन-तीन बांबू, दोन इंची स्क्रू (विटेच्या भिंतीसाठी तीन इंची) आणि वायसर (स्क्रूखालची चकती). लाइन नसल्यामुळं बॅटरीची ड्रिल असेल तर बरं, नसेल तर गिरमिट, म्हणजे हातानं फिरवून भोक पाडायचं अवजार. आमच्या घरी आज्याचं गिरमिट आहे, सागाच्या मुठीचं. लाइन नसलेल्या रात्री अजून तेच बाहेर निघतं.

गजाची खिडकी

आपल्याकडं दहापैकी आठ-नऊ खिडक्यांना लोखंडी गज किंवा जाळी असते. नवशिक्यासाठी ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात भक्कम पद्धत, कारण भिंतीला एकही भोक पाडावं लागत नाही. ही एक नीट शिकलात तरी रात्रीच्या निम्म्या खिडक्या तुमच्या हातानं होतील.

आधी प्रत्येक गज धरून हलवून बघा. जो हलतो त्याला काही बांधायचं नाही. मग माप घ्या. फळी बाहेरून भिंतीवर बसणार असेल तर खिडकीच्या मापापेक्षा चारही बाजूंनी ४ इंच जास्त. म्हणजे खिडकी ४ बाय ३ ची असेल तर फळी ४ फूट ८ इंच बाय ३ फूट ८ इंच. फळी लहान आणि खिडकी मोठी असेल तर दोन तुकडे करा, पण वरचा तुकडा खालच्यावर बाहेरून दोन इंच चढला पाहिजे, कवेलू चढतं तसा. उलटं केलंत तर सांध्यातून पाण्याची धारच आत येईल.

आता दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून फळी जागेवर धरायची. दुसऱ्यानं आतून, गजांच्या फटीतून हात घालून, फळीच्या मागच्या बाजूला खडूनं गजांच्या जागा खुणवायच्या. सहा जागा पुरतात : चार कोपऱ्यांजवळ चार आणि मध्ये डावी-उजवीकडं दोन. फळी खाली उतरवा. प्रत्येक खुणेवर गजाच्या दोन्ही बाजूंना एक-एक इंचावर अशी दोन भोकं पाडा. खुणा मागच्या बाजूवर आहेत, म्हणून भोकंही मागूनच पाडा. नवीन माणूस फळी उलटवतो आणि डावं-उजवं बदलून बसतो.

तार एकेरी वापरू नका. दोन हात लांबीची बाइंडिंग वायर दुहेरी घ्या, मध्ये वाकवून बाहेरून दोन्ही भोकांतून आत सारा. बाहेर जो वाक राहतो त्याच्याखाली चार इंचांचा लाकडी तुकडा किंवा जाड खिळा आडवा ठेवा. हा तुकडा विसरला तर तार ताणताना प्लाय कापत आत जाते आणि वाऱ्याच्या पहिल्या दणक्याला सुटते. आतल्या माणसानं दोन्ही टोकं गजाभोवती घेऊन पकडीनं पीळ द्यायचा.

किती पीळ द्यायचा, हेच हातानं शिकावं लागतं. तार आधी सैल फिरते, मग फळी भिंतीला टेकल्याचा ‘टक’ असा आवाज येतो. त्यानंतर दीड-दोन पीळ आणखी. तार पांढुरकी चमकायला लागली की थांबा, पुढच्या पिळाला ती तुटते. सहाही जागा आधी अर्ध्या घट्ट करा, मग कोपऱ्याकोपऱ्यानं फिरत पूर्ण ताणा. एक कोपरा आधीच पूर्ण आवळला तर समोरचा कोपरा भिंतीपासून उचलला जातो. शेवटी तारेची टोकं आत वळवून फळीकडं दाबून टाका. रात्री लेकरू उठून तिथं हात लावतं.

फळीच्या वरच्या कडेवर ताडपत्रीची किंवा खताच्या पिशवीची पट्टी टाका, अर्धी भिंतीवर, अर्धी फळीवरून खाली लोंबणारी. भिंतीवरून ओघळणारं पाणी फळीमागं शिरत नाही.

मातीची भिंत

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपिटीनं जे केलं ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. मी तेव्हा बाबांच्या हाताखालून नुकताच सुटा झालो होतो. आमच्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या काकूंच्या मातीच्या घराला मी चार इंची खिळे ठोकून फळी बसवली. ठोकताना भिंतीचा पोपडा सुटत होता, तरी मी आणखी लांब खिळा घेतला. रात्री वारा सुटला आणि फळी भिंतीच्या ढेकळासकट खाटेशेजारी आली. नशिबानं काकू पलीकडं झोपल्या होत्या. सकाळी मी गेलो तर म्हणाल्या, “तू रातच्याले धावून आला बापू, तेच लय झालं.” मला ते वाक्य आजही टोचतं. त्यानंतर मातीच्या भिंतीत मी खिळा मारला नाही.

मातीची भिंत दीड-दीड फूट जाड असते. ती वजन उत्तम पेलते, पण तिच्यात घातलेलं काही ओढलं की ती सोडून देते. म्हणून तिला ओढायचं नाही, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचं. बाहेर फळी, आत बांबू, मध्ये तार.

खिडकीच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडं एक-एक फूट जास्त असे दोन बांबू घ्या. आतून ते खिडकीवर आडवे येतील : एक वरून तिसऱ्या हिश्श्यावर, दुसरा खालून तिसऱ्या हिश्श्यावर. बांबूची टोकं भिंतीला जिथं टेकतात तिथं पोत्याची घडी ठेवा, नाहीतर बांबू माती कुरतडतो. बाहेरची फळी पुन्हा चारही बाजूंनी मोठी. बांबूच्या समोर फळीत दोन-दोन भोकं पाडा, प्रत्येक बांबूला दोन ठिकाणी. तार इथं चौपदरी घ्या, बाहेरून आत आणा, बांबूला वळसा घालून गाठ मारा. आता त्या तारांच्या मधोमध सळईचा वीतभर तुकडा किंवा मोठा खिळा घाला आणि फिरवा, बाजेच्या दोऱ्या ताणतो तसा. भिंत जाड असल्यामुळं तार लांब असते आणि नुसत्या पकडीच्या पिळानं ताणली जात नाही, या सळईनं ताणली जाते. पुरेशी ताणली की सळई बांबूला टेकवून सुतळीनं बांधा. न बांधता सोडली तर ती गर्रकन उलटी फिरते आणि बोटं ठेचते.

गाराच्या (चिखलाच्या) जोडणीची, गावठी विटेची जुनी भिंत असली तरी हीच पद्धत घ्या. त्या विटा स्क्रू धरत नाहीत.

पक्क्या भट्टीच्या विटेची आणि सिमेंटची भिंत असेल, गज नसतील, तरच प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू धरण्यासाठी भोकात बसवायची नळी) आणि स्क्रू. खिडकीच्या कडेपासून किमान अडीच इंच भिंतीकडं भोक पाडा, नाहीतर विटेचा कोपरा उडतो. भोकं फुटा-फुटावर. प्लास्टर अर्धा-पाऊण इंच असतं आणि ते काही धरत नाही, म्हणून स्क्रूनं त्याच्या पलीकडं विटेत दीड इंच तरी जायला हवं. स्क्रूच्या डोक्याखाली मोठा वायसर. स्विच बोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, तिथून वायरिंग गेलेली असते. सागवानी चौकटीत स्क्रू घालायचा असेल तर आधी गिरमिटानं बारीक भोक, मग स्क्रू. जुना साग इतका कडक असतो की भोक न पाडता मारलेला खिळा एक तर वाकतो, नाहीतर चौकट चिरतो.

नुसती ताडपत्रीच असेल तर

पुष्कळांकडं तेवढीच असते. ताडपत्री पाऊस थोपवते, वारा थोपवत नाही, हे धरूनच लावा. तिच्यातून थेट खिळा मारला की तासाभरात तिथून फाटते. कडेला रीप ठेवा, ताडपत्री रिपेभोवती दोन वेढे गुंडाळा आणि मग रिपेवरून स्क्रू किंवा तार घ्या. बाहेरून सुतळीचे किंवा नायलॉनच्या दोरीचे दोन तिरके ताण द्या, म्हणजे ती फडफडत नाही. फडफडणारी ताडपत्री रात्रभर झोपू देत नाही आणि पहाटे फाटते. 

कवाड

खिडकी आणि कवाड यात एक मोठा फरक आहे. कवाडातून माणसानं बाहेर पडायचं असतं. ज्या घरात रात्री कोणी झोपणार आहे त्याचं एक तरी कवाड आतून, अंधारात, चावीशिवाय, एका हातानं उघडलं पाहिजे. दोन कवाडं असतील तर फुटलेलं पक्कं बंद करा आणि चांगलं वापरा. एकच असेल तर ते बाहेरून फळ्या ठोकून कधीही बंद करायचं नाही. वीज पडली, आग लागली, साप निघाला, तर आतली माणसं जाणार कुठून?

बिजागरी उपटली असेल तर बहुतेक वेळा पल्ला (कवाडाची उघडणारी फळी) चांगला असतो, फक्त स्क्रूची भोकं सैल झालेली असतात. त्या भोकांत बांबूची बारीक खुंटी ठोकून भरा, वर आलेली कापा, आणि आधीपेक्षा अर्धा इंच जास्त लांब स्क्रू वापरून तीच बिजागरी परत बसवा. हे काम करताना पल्ल्याखाली दोन पाचरी घाला, पल्ला त्यांच्यावर उभा राहतो आणि तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात. पल्ला मधून चिरला असेल तर आतून दोन आडव्या रिपा आणि त्यांना जोडणारी एक तिरकी. तिरकी रीप खाली बिजागरीच्या बाजूला आणि वर कडीच्या बाजूला हवी. उलटी लावली तर पल्ला लोंबतो.

कडी-कोयंडा गेला असेल तर आगळ करा. चौकटीला दोन्ही बाजूंना आतून तारेचे मजबूत कडे, त्यांत आडवा बांबू. जुन्या वाड्यांत अशीच आगळ असायची. ती आतून एका हातानं सरकवता येते.

अख्खी चौकटच भिंतीतून हलली असेल तर तिला ठोकून परत आत बसवायचा प्रयत्न करू नका. वरच्या भिंतीचं ओझं कदाचित तिच्यावरच आलेलं असतं. ते कवाड सोडून द्या, त्या खोलीत झोपू नका, उजेडात मिस्त्री बघेल.

कवाडाखालची फट पोत्यात माती भरून बंद करा, पण पोतं आतल्या बाजूला ठेवा, म्हणजे पायानं सरकवून बाहेर पडता येतं. पावसाच्या रात्री साप त्याच फटीतून येतात.

घरात कापूस असेल तर

भाव येईल म्हणून खोलीभर कापूस साठवलेली कितीतरी घरं आहेत. अशी खोली उघडी पडली की माणूस आधी कापूस झाकायला धावतो आणि त्यात चुकीचं काही वाटत नाही. वर्षाची कमाई असते ती. फक्त तिथं ग्राइंडरनं गज किंवा टिन कापू नका. ठिणगी कापसात गेली तर लगेच ज्वाळा दिसत नाही, आत तासन्‌तास धुमसते आणि मध्यरात्री पेटते. कापायचं ते अंगणात, वारा ठिणग्या कापसाकडं नेणार नाही अशा बाजूला. मेणबत्ती, कंदील आत नको, टॉर्च घ्या. भिजलेला वरचा थर उचलून वेगळा पसरा. ओला-कोरडा एकत्र राहिला की आतून गरम होतो आणि पिवळा पडतो.

आणि हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, प्लायनं बंद केलेली खोली रात्रीसुद्धा तापलेली असते. वारा ज्या बाजूनं येत नाही तिकडच्या खिडकीला वरच्या बाजूनं चार बोटं फट ठेवा, तिथं डासांची जाळी लावा. अशा बंद खोलीत शेगडी, कोळसा, जनरेटर काहीही पेटतं ठेवू नका. त्या धुराला वास नसला तरी तो झोपेतच माणूस घेतो.

सकाळी

रात्रभर वारा खाल्लेली तार सैल झालेली असते. उजेड पडला की सगळ्या जागी पुन्हा एक-एक पीळ द्या. प्लाय भिजून फुगली असेल तर वरून ताडपत्री टाका. ही बंदिस्ती आठ-पंधरा दिवसांची आहे, त्यापुढं ताटकळत ठेवली तर प्लायचे पदर सुटतात आणि भिंत ओल धरते.

काढताना खालच्या तारा आधी तोडा, वरच्या शेवटी, आणि कोणीतरी बाहेरून फळी धरून उभं असू द्या. काढलेली फळी मात्र फेकू नका. तिच्यात त्या खिडकीची भोकं आधीच पडलेली आहेत. मागच्या बाजूला कोळशानं ‘बैठक, पश्चिम’ असं लिहा, वरच्या कडेला बाण काढा, सहा जागांच्या तारा पिशवीत घालून तिलाच बांधा आणि माळ्यावर सपाट ठेवा. पुढच्या खेपेला तीच खिडकी दहा मिनिटांत बंद होते, आणि ते काम घरातली पंधरा वर्षांची पोरगीसुद्धा आईला हाताशी घेऊन करू शकते.